खुणेच्या बोटभर वर

मित्रांनो, तुमच्या घराच्या भिंती सरळ उभ्या असतील, तर त्यामागे माझ्यासारख्या कुणाचं तरी लोंबकळणं आहे. मी एक जुना ओळंबा आहे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, वर गोल आणि खाली निमुळतं. दोरी वर धरली की मी खाली लटकतो, थोडा वेळ डुलतो आणि मग थांबतो. थांबलो की माझी दोरी अगदी सरळ उभी असते. तिच्याशी ताडून गवंडी आपली भिंत कलली तर नाही ना, ते पाहतो. थापीला कितीतरी कामं येतात. ती माल पसरते, वीट तोडते, वेळ पडली तर कुत्र्यालाही हाकलते. मला एकच काम येतं. पण ते जितकं मला येतं तितकं दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मी जरा फुशारकीनंच सांगतो.

सध्या माझा मुक्काम नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात दारामागच्या खिळ्यावर आहे. समोरचं कॅलेंडर वाकडं आहे. ट्यूबलाइट तर त्याहून वाकडी आहे. मला ते बघवत नाही, पण सांगणार कुणाला?

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर झाला. तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात आलो आणि भावंडांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. एके दिवशी इगतपुरीकडच्या खेड्यातून गवंडीकाम करायला आलेला एक तरुण दुकानात शिरला. त्याचं नाव सावळीराम. त्यानं आम्हांला एकेकाला दोरी बांधली, हात लांब करून धरलं आणि आम्ही थांबेपर्यंत तो बघत राहिला. गिऱ्हाइकांची रांग वाढली. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो मिस्त्री, लोखंडच आहे ते. मुलगी बघायला आलात का?"

सावळीराम एक नाही की दोन नाही. मी पुरता स्थिर झाल्यावर त्यानं तोंड उघडलं. "हा द्या."

त्याची ती रीतच होती. ओळंबा थांबेपर्यंत बोलायचं नाही. परांचीवर, म्हणजे कामाच्या बांबूच्या मचाणावर, असताना मी दोरीवर डुलत असलो, की हाताखालच्या माणसांनीही गप्प बसायचं. कुणी मध्येच बोललं तर तो रागवायचा नाही, फक्त दोरी वर ओढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सोडायचा. एकदोनदा असं झालं की माणसं आपोआप शिकायची. खाली मिक्सर घरघरत असायचा, रस्त्यावर रिक्षा ओरडत असायच्या, आणि आमच्या परांचीवर मात्र देवळातल्यासारखी शांतता असायची. ते क्षण मला फार आवडायचे.

त्याची दुसरी एक रीत मात्र मला कधी आवडली नाही. काम सुरू करताना तो जमिनीवर छिन्नीनं एक फुली मारायचा. वरून मला सोडायचा तो थेट त्या फुलीच्या डोक्यावर. पण मला तिच्यावर टेकू द्यायचा नाही. माझं टोक आणि फुली यांच्यात बोटभर अंतर ठेवूनच दोरीला गाठ मारायचा. इतक्या उंचावरून खाली यायचं आणि शेवटचं बोटभर अंतर राहून जायचं! त्या बोटभर जागेसाठी माझा जीव किती तळमळला असेल, ते माझं मलाच ठाऊक.

आम्ही गंगापूर रोडवर पुष्कळ इमारती उभ्या केल्या. दसऱ्याला सावळीराम मला धुऊन पुसून थापी, रंधा आणि गिलावा घोटायच्या गुरमाळ्याच्या शेजारी पाटावर ठेवायचा. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर गुळाचा खडा. वर्षभर सिमेंट खाणाऱ्या मला त्या गुळाचं भारी अप्रूप असायचं. इमारती मालकांच्या, पण कौतुक माझं, असं मी धरून चालायचो.

मग सावळीरामनं स्वतःचं घर बांधलं. खाली दोन खोल्या झाल्या. बायको सुलाबाई आणि मुलगी तेजल राहायला आल्या. तेजल वाढत होती, म्हणून वर एक खोली काढायचं ठरलं. "ती खोली तेजूची," असं सावळीरामनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं. रविवारी सुट्टी असली की बापलेक कामाला लागत. तो वर स्लॅबवर उभा राहून मला सोडायचा. तेजल खाली अंगणात फरशीवर मारलेल्या फुलीपाशी उकिडवी बसायची.

मी थांबलो की तो वरून विचारायचा, "खूण कुठंय?"

"हितंच हाय!"

"हलली का?"

"नाय हलली!"

वीट चढायची, थर चढायचा. सावळीराम एक पाऊल वर जायचा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. जमिनीत खोदलेली फुली हलणार कशी? दोघांनाही ते माहीत होतं. तरी दोघं विचारत होती, सांगत होती आणि हसत होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला काळ कोणता, असं कुणी विचारलं तर मी ते रविवार सांगेन.

वरची भिंत कमरेइतकी झाली आणि काम थांबलं. शहरात आता विटांची कामं कमी होत चालली होती. नव्या इमारतींच्या भिंतीसुद्धा साच्यात काँक्रीट ओतून करत होते. जिथं विटा होत्या तिथं सुपरवायझर लेझरचं यंत्र आणायचा. बटण दाबलं की भिंतीवर लाल रेघ उभी. ती डुलत नाही, तिच्यासाठी कुणाला गप्प बसावं लागत नाही. मी तिच्यावर जळलो हे खरं आहे. पण रेघ सरळ होती, हेही मला मान्य करावंच लागलं.

शेवटी सावळीरामला पुण्याला, हिंजवडीच्या एका टॉवरवर प्लास्टरचं काम मिळालं. तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायचं आणि सणावाराला घरी यायचं. निघायच्या पहाटे त्यानं पिशवी भरली. मला हातात घेतलं, दोरी बोटांना गुंडाळली आणि पुन्हा सोडली.

"तिथं लेझर हाय," तो सुलाबाईला म्हणाला. "ह्याला राहू दे घरी. तेजूला सोबत."

तेजल जागी होती. पण तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. आधी खोली पुरी करीन, मगच दुसरीकडे काम धरीन, असं बापानं तिला कबूल केलं होतं. सावळीराम तिच्या अंथरुणापाशी थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता हाक मारील. पण त्यानं मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि तो गेला. त्याच्या हाताची ऊब माझ्या अंगावर जरा वेळ टिकली, मग तीही गेली.

त्यानंतर रविवार यायचे ते फक्त फोन घेऊन. सुलाबाई बोलायची आणि मग फोन तेजलपुढे धरायची.

"बोल की गं बापाशी."

"अभ्यास हाय मला."

वह्या उघड्या असायच्या, पण पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही. ती दार लोटायची तसा मी खिळ्यावर डुलायचो. तेवढंच माझं काम उरलं होतं. माझी दोरी मळली, अंगावर गंज धरला. सावळीरामच्या हाताची मला इतकी आठवण यायची की कुणाच्या चपला दारात वाजल्या तरी मी कान टवकारायचो. ओळंब्याला कान नसतात, हे मला ठाऊक आहे. पण वाट बघणाऱ्याला सगळंच फुटतं.

दसरा जवळ आला. एका रविवारी फोनवर बोलताना सुलाबाईचा आवाज उतरला. फोन ठेवून ती तेजलला म्हणाली, "त्यांचा ठेकेदार हैदराबादला माणसं नेतोय. दोन वर्षं. दसरा झाला की निघायचं म्हणतोय. तुझे पप्पा म्हणतेत, दसऱ्याला घरी येऊ का, ते तेजूला विचार. तिला नको आसंल तर परस्पर तिकडं जातो."

"त्यांचं घर हाय. मला कशाला विचारायचं?" तेजल म्हणाली.

"असं सांगू का त्यांना?"

तेजलनं वही पुढं ओढली. सुलाबाई भाकरी थापायला बसली, पण त्या दिवशीच्या भाकरी जाडभरड्याच झाल्या. मी खिळ्यावरून तेजलकडे बघत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं पोरी, बोलाव त्याला. दोन वर्षांत दोरी कुजून जाईल माझी. पण लोखंडाला ओरडता येत नाही.

आणि आता मित्रांनो, या सगळ्यात गणित आलं. तुम्ही म्हणाल, याचं काय मध्येच? पण ते आलं खरं.

तेजल नववीत होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती रडकुंडीला येऊन. निर्देशक भूमितीची चाचणी झाली होती. उज्वला मॅडमनी आलेखावर एक उभी रेष काढून दिली होती. त्या रेषेवर तीन बिंदू दाखवले होते आणि रेषेचं समीकरण विचारलं होतं. सगळ्यांत वरचा बिंदू सहावर होता. तेजलनं लिहिलं, y = 6.

"मग?" सुलाबाईनं विचारलं. तिला समीकरणातलं काही कळत नव्हतं, पण चुकलंय एवढं कळलं होतं.

"मॅडमनी विचारलं, सहा कुठून आणलेस? मी म्हणले, भिंतीची उंची सहा आहे ना मॅडम. सगळी पोरं हसली."

मला मात्र हसू आलं नाही. गवंड्याच्या घरात भिंतीला तिच्या उंचीनंच ओळखतात. सहा फुटी भिंत, दहा फुटी भिंत, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. समोर उभी रेष दिसली, तिनं तिची उंची लिहून टाकली. दुसऱ्या कुणाच्या घरातली पोर अशी चुकली नसती.

"मॅडम हसल्या का?"

"नाही. त्या म्हणाल्या, भिंतीला टोक असतं, रेषेला नसतं. ती वर जातच राहते, खाली जातच राहते. मग उंची कुठून धरशील? तिच्यावरचे बिंदू बघ आणि काय बदलत नाही ते शोध. जे बदलत नाही तेच तिचं समीकरण. आणि म्हणाल्या, उद्या मला घरातली एक उभी रेष दाखव."

तेजलनं तोंड धुतलं. घरभर नजर फिरवली. दाराची चौकट पाहिली, कपाटाची कड पाहिली. शेवटी तिची नजर दारामागे गेली.

तिनं मला खिळ्यावरून काढलं तेव्हा माझ्या अंगावरचा गंज तिच्या हाताला लागला. ती जिन्यानं वर गेली. कमरेइतक्या भिंतीपाशी, स्लॅबच्या कडेला एक लोखंडी गज बाहेर आलेला आहे. सावळीराम मला तिथंच बांधायचा. तिनंही तिथंच दोरी बांधली आणि मला खाली सोडलं. किती दिवसांनी मी उंचावरून खाली येत होतो! बाहेरची विटांची भिंत माझ्या शेजारून वर वर सरकत होती. खाली अंगणात फरशीवर फुली होती. आणि गाठ कुठं मारायची ते तिच्या हाताला बरोबर आठवत होतं. मी बोटभर वर थांबलो.

म्हणजे थांबलो नाही, डुलत होतो. वारा होता. तेजल खाली आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. सुलाबाई दारात येऊन काहीतरी विचारणार होती, तर तेजलनं ओठांवर बोट ठेवलं. बापाची रीत तिच्या अंगात उतरलेली होती. आम्ही तिघं गप्प राहिलो. मी सावकाश थांबलो.

मग ती उठली. घराचा कोपरा तिनं उभा अक्ष धरला आणि भिंतीचं जोतं आडवा अक्ष. खडूनं तसं भिंतीवर लिहिलं. कोपऱ्यापासून माझ्या दोरीपर्यंत वितीनं मोजलं. खाली, जोत्याच्या एक वीत वर मोजलं, तीन विती भरल्या. तिनं दोरीमागच्या विटेवर लिहिलं (3, 1). उभी राहून छातीपाशी मोजलं. तीन विती. स्टूल आणला, हात उंच करून मोजलं. पुन्हा तीन. ती नुसती मोजत नव्हती, पुटपुटत होती, "तीन. इथंपण तीन. वर गेलं तरी तीनच."

दर खेपेला दुसरा आकडा बदलत होता. पहिला जागचा हलत नव्हता.

तिनं मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहिलं, x = 3. लिहून ती मागे सरकली आणि वरपासून खालपर्यंत दोरीकडे पाहत राहिली. मग तिची नजर माझ्या टोकावरून घसरून फुलीवर आली. तिच्या ओठांतून आवाज न करता शब्द बाहेर पडले, ते मी पाहिले. खूण कुठंय. हितंच हाय. हलली का.

ती तिथंच फरशीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. सुलाबाईला वाटलं, गणित पुन्हा चुकलं.

"आई, फोन दे," तेजल म्हणाली.

पलीकडे वारा घोंघावत होता. सावळीराम अजून कामावर, वरच होता. बायकोचा नंबर बघून त्यानं घाईनं उचलला असणार. "काय गं सुले, काय झालं?"

"पप्पा, मी हाय."

सावळीराम काहीच बोलला नाही. नुसता वारा ऐकू येत होता. दुसरी कुणी मुलगी असती तर हॅलो हॅलो करत राहिली असती. तेजल थांबली. ओळंबा थांबेपर्यंत बोलायचं नसतं, हे तिला पाठ होतं.

"बोल तेजू," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"तुम्ही कितव्या मजल्यावर हाय?"

"एकविसाव्या. का गं?"

"मग तुमचा वाय एकवीस. आमचा शून्य. पण एक्स तीनच, पप्पा. तुम्ही कितीपण वर जा, एक्स तीनच."

"मला काय कळलं नाय बाई."

"खूण हलली नाय, पप्पा." तिचा आवाज फुटला. "हितंच हाय. दसऱ्याला घरी या."

खरं सांगायचं तर गणिताच्या दृष्टीनं हे चूक होतं. हिंजवडी काही आमच्या अंगणाच्या डोक्यावर नाही. उज्वला मॅडमनी इथं लाल रेघ मारली असती. सरळपणाच्या बाबतीत मी स्वतः कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं मान्य केलं.

"नीट बघितलीस का?" सावळीरामनं विचारलं. त्याचाही आवाज सरळ राहिला नव्हता.

"नीट बघितली."

"येतो," तो म्हणाला.

तो आला. हैदराबादला गेला नाही. हिंजवडीचं काम मात्र सुटण्यासारखं नव्हतं, म्हणून तीन दिवसच राहिला. दसऱ्याला त्यानं माझा गंज घासून काढला, नवी दोरी बांधली आणि मला पाटावर मांडलं. गुळाचा खडा ठेवला तेजलनं. दुपारी दोघांनी वरच्या भिंतीचे थर चढवले. खोली अजून पुरी झालेली नाही. पण भिंत आता तेजलच्या खांद्याला लागते.

संध्याकाळी मला फुलीवर सोडलेलं असताना तेजलनं विचारलं, "पप्पा, तुम्ही ह्याला टेकू का देत नाय? जरा दोरी सोडली की खुणेला लागंल की."

मित्रांनो, आयुष्यभर जो प्रश्न मला विचारता आला नाही, तो तिनं विचारला. मी डुलायचाच थांबलो.

"टेकला की दोरी सैल पडती," सावळीराम म्हणाला. "मग ती सरळ हाय का वाकडी, कुणाला कळायचं? बोटभर लांब हाय, म्हणून तर ताठ राहती."

तेजलनं खाली वाकून ती बोटभर जागा पाहिली. चौथ्या दिवशी पहाटे तो निघाला, तेव्हा ती त्याची पिशवी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेली. रिकाम्या हातानं परत आली, दार लोटलं आणि मी खिळ्यावर डुललो.

आता दर रविवारी ती मला वरून सोडते आणि मग फोन लावते. भिंतीवरचा खडू पावसानं जरा पुसट झाला आहे, तरी x = 3 वाचता येतं.

मुलांनो, तुमच्याही घरी एखादा ओळंबा, एखादी जुनी थापी, कुणाचं तरी हत्यार अडगळीत पडलेलं असेल. त्याचा गंज पुसा, त्याची दोरी बदला आणि ते कुणाच्या हातातलं आहे ते विचारा. तो माणूस दूर असेल तर त्याला फोन करा. त्याला लगेच बोलता आलं नाही, तर ओळंब्यासारखा तो स्थिर होईपर्यंत तुम्हीही गप्प राहा.

मला सावळीरामची आठवण अजूनही येते. रोज येते. पण रविवारी मी अंगणात उतरतो, डुलतो, थांबतो. खाली फुली असते आणि मध्ये बोटभर जागा. पूर्वी त्या जागेसाठी मी झुरायचो. आता म्हणतो, तेवढी असू दे.